कूपरच्या आधी ब्राउन

रविवार पुरवणीतील अमेरिकी कादंबरीवरील लेखात जंगल आणि सीमाप्रदेश कादंबरीत आणण्याचे श्रेय जेम्स फेनिमोर कूपरला दिले आहे. हे पटत नाही. कूपरची पहिली कादंबरी १८२० ची. फिलाडेल्फियाचा कादंबरीकार चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन १८१० मध्येच क्षयाने वारला होता, वय अवघे ३९. त्याच्या ‘एडगर हंटली’च्या (१७९९) प्रस्तावनेत भूमिका स्वच्छ आहे: युरोपीय धाटणीच्या गॉथिक (भय-गूढ) कथांतले किल्ले नकोत, इथले मूलनिवासींशी झगडे आणि पश्चिमेकडचे रान हवे. नायक झोपेत चालत जातो, गुहेच्या मिट्ट काळोखात जागा होतो, कुऱ्हाड फेकून पँथर मारतो आणि भुकेपायी त्याचे कच्चे मांस खातो. प्रसंग अचाट आहे, हे मान्य. पण गंमत अशी की, ‘द स्पाय’च्या (१८२१) पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कूपरने याच गुहेची टर उडवली आहे. म्हणजे ब्राउन त्याने वाचला होता. लेखात मात्र ब्राउनचे नावही नाही. १७९३ च्या पीतज्वराने ग्रासलेले फिलाडेल्फिया रंगवणारी त्याची ‘आर्थर मर्विन’ही मग साहजिकच सुटली.

— एक वाचक, पुणे