भेंड्या फळ्यावर खेळा

'खेळातून शुद्धलेखन' हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. शुद्धलेखन शिकवण्यासाठी वर्गात शब्दांच्या भेंड्या खेळण्याची त्यातली कल्पना चांगली. पण त्या तोंडी खेळल्या तर वर्गात नुसता गलका होईल. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपल्या बोलण्यात बहुधा ऐकूच येत नाही. त्यापेक्षा दोन गट फळ्याशी उभे करावेत. एकाने 'फूल' लिहावे, दुसऱ्याने 'फुलाला'. मग 'दूध'-'दुधात', 'बहीण'-'बहिणीला'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांतील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा नियम (प्रत्यय लागताना तिथला दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतो) पाठ न करताही चौथीतल्या मुलांना असा उमगू शकतो. 'गीत'-'गीतात' असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र नंतरच्या फेरीत घ्यावेत. तिथे दीर्घ ईकार टिकतो. आणि चुकलेल्याला बाद करू नये, पुढचा शब्द त्यालाच द्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा