रात्री दोनचा फोन उचलायला माणसं पाहिजेत, थोडे पैसे पण

नमस्कार, जय भीम, सलाम, राम राम, ज्याला जो चालतो तो घ्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात मागच्या वर्षापासून पाच गट एकत्र बसायला लागलेत. कालव्याकडच्या पारधी वस्तीतल्या बाया, वडार गल्लीतली पोरं, भीमजयंती मंडळ, मोहल्ल्यातले चारपाच जण आणि कोर्टातले तीन ज्युनिअर वकील. नाव अजून ठरलं नाही, नावावरूनच दोन बैठका खाल्ल्या, म्हणून सध्या सगळे नुसतं समिती म्हणतात. रात्री कुणाला पोलिसांनी उचलून नेलं की फोन येतो आणि आमची माणसं स्टेशनात जाऊन बसतात, हे समितीचं काम. पहिल्या बैठकीला जो तो आपापल्या सतरंजीवर बसला होता आणि आमच्यातल्या काहींना दुसऱ्याच्या घरचा चहा चालत नव्हता, हे पण सांगून टाकतो, लपवण्यात काय अर्थ नाय. एकत्र आलो ते काही प्रेमापोटी नाही. प्रत्येकाच्या घरात पोलीस स्टेशनच्या एका रात्रीची गोष्ट होती आणि ऐकत गेलो तसं कळलं की गोष्ट एकच आहे.

वस्तीतल्या एका वहिनींकडं एक पिशवी आहे. साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, गाठ मारून पत्र्याच्या खिळ्याला अडकवलेली. आत पावत्या. कुकरची, मिक्सरची, पोराच्या सायकलची, मंगळसूत्रातल्या चार मण्यांची, बाजारात शेळी घेतली तर तिची पण चिठ्ठी. आपण पावती ठेवतो वॉरंटीसाठी, ती संपली की चुलीत. ह्या बाया ठेवतात कारण शिवारात कुणाची पाण्याची मोटार चोरीला गेली की पोलिसांची पहिली गाडी वस्तीवर येते आणि पहिला प्रश्न असतो, हे कुठनं आणलं?

मागच्या उन्हाळ्यात तशीच गाडी आली. विहिरीवरची मोटार गेली होती, वहिनींच्या दिराला रात्री दोनला उचलून नेलं. वहिनी पिशवी घेऊन मागनं चालत गेल्या, सहा किलोमीटर. तिथं सांगितलं असा कोणी माणूस इथं आणलेलाच नाही. रजिस्टरला नोंद नाही म्हणजे माणूसच नाही. त्या पहाटेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसल्या, मांडीवर पिशवी. सकाळी अकराला आमची वकील पोरगी पोचली, तिनं लेखी अर्ज टाकला, पोच द्या म्हणली, आणि अर्ध्या तासात तो नसलेला माणूस आतल्या खोलीतनं बाहेर आला. पाय टेकवत नव्हता. मोटार पुढं आठवड्यानं त्याच शेतकऱ्याच्या भाच्याकडं सापडली, आणि भाच्याच्या घरी कोणी कुकरची पावती मागितल्याचं ऐकण्यात नाही. (स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार चालू आहे.)

दोन ते अकरा. नऊ तास. आमचं सगळं काम ह्या नऊ तासांचं आहे, आणि हे आवाहन पण तेवढ्यासाठीच.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सेटलमेंट फ्री कॉलनी आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो, पण फ्री कशापासनं हे कोणी विचारत नाही. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला की अमुक जमातीत जन्मला तो जन्मतःच गुन्हेगार. आपल्याकडं कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट असल्या लोकांना तारेच्या आत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं, हजेरी लावायची, बाहेर जायला पास, आणि गिरण्यांना मात्र त्यांचे हात चालायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून ह्या जमाती विमुक्त. कायदा गेला पण त्याच्या मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि डोक्यातली यादी तशीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातीच्या भेदभावावर निकाल दिला, त्यात पोलिसांना पण बजावलंय की विमुक्त जमातीतल्या माणसाला मनमानी अटक करायची नाही. ज्या पत्रकार बाईंनी ही केस लावली त्या मुंबईच्या, सुकन्या शांता. मराठी पेपरात ह्याची जेवढी चर्चा व्हायला पाहिजे होती तेवढी झाली नाही असं माझं मत.

परभणी तर ताजीच आहे. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग आंदोलन, मग धरपकड, आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. वडार समाजाचा, वकिली शिकणारा. आईनं माघार घेतली नाही, औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथं पण सरकारचं चाललं नाही. आमच्या वडार गल्लीतल्या पोरांनी त्या डिसेंबरात भीमजयंती मंडळाच्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला. शेजारी शेजारी गल्ल्या, पण पहिल्यांदा.

आता कायदा बघायला गेलं तर कमी नाही हो. डी. के. बसू खटल्याचा निकाल १९९६ चा, अटकेचा पंचनामा करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, डॉक्टरकडं तपासा. चोवीस तासात मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे तर थेट संविधानात. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही, अगदीच गरज असली तर महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, हक्क तेच आहेत. प्रकाश सिंह खटल्यात २००६ ला कोर्ट म्हणलं पोलिसांविरुद्धच्या तक्रारीला स्वतंत्र प्राधिकरण करा, आपल्या राज्यानं २०१४ ला कायदा बदलून राज्यपातळीवर आणि विभागपातळीवर त्याची तरतूद केली. आमच्या बैठकीत हात वर करायला लावले की ह्याचं नाव कुणी ऐकलंय, तिन्ही वकील सोडून एक हात वर आला, तो पण एका रिटायर गुरुजींचा.

सीसीटीव्हीचं तर आवर्जून सांगतो. २ डिसेंबर २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रत्येक पोलीस स्टेशनात गेटपासनं लॉकअपपर्यंत कॅमेरे, फुटेज १८ महिने ठेवायचं, जमतच नसलं तर किमान एक वर्ष. पण ते मागायला अर्ज लागतो, अर्जावर तारीख आणि वेळ लागते, आणि ती वेळ सांगणारं माणूस त्या रात्री तिथं हजर लागतं. म्हणजे परत फिरून तेच, नऊ तास.

पोलीस सगळे वाईट असं आमचं म्हणणं नाही. चोर पकडू नका असं तर अजिबात नाही, वस्तीतल्या शेळ्या पण चोरीला जातात आणि त्यांची तक्रार कोणी घेत नाही हे पण आमचंच दुखणं आहे. समितीतल्या एकाचा सख्खा भाऊ हवालदार आहे, बारा बारा तास ड्युटी करतो, आणि त्यानंच शिकवलं की पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

तर मागणी अशी. एक फोन आहे, तो रात्रभर चालू ठेवतो, सध्या सहा जण आलटून पालटून उचलतात आणि त्यातले दोघं ऊसतोडीला गेले की चार राहतात. फोन आला की दोघांनी जायचं, त्यात एक बाई असलेली बरी, भांडायचं नाही, शूटिंग काढत ओरडायचं नाही, छापील अर्ज भरायचा, द्यायचा, पोच घ्यायची, वकिलाला कळवायचं, तिथंच बसायचं. एवढंच काम आहे पण ते रात्री करायचं आहे. महिन्यातनं एक रात्र देणारी वीस माणसं मिळाली तरी गाडा ओढता येतो. वकील, डॉक्टर, लॉ कॉलेजची पोरं असतील तर फारच चांगलं, नसली तरी अक्षर बरं असलेलं कोणी पण चालतंय.

पैशाचं सांगायचं तर रात्रीच्या गाडीचं भाडं आठशे-हजारच्या खाली कोणी घेत नाही, मग एक्स-रे, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, पुण्याला तक्रार घेऊन जायचं एसटीभाडं, महिन्याला पंधरा हजारापर्यंत जातात. आत्तापर्यंत घरटी पन्नास शंभर गोळा करून भागवलं, पारधी वस्तीनं तर गणपतीच्या वर्गणीएवढं दिलं. पन्नास रुपये पण घेतो, पावती सगळ्यांना. पक्षाचे पैसे घेत नाही, फ्लेक्सवर फोटो लागणार नाही हे आधीच सांगतो, मागच्या वेळी एक भाऊ त्याच्यावरनं रुसले. हिशोबाची वही समाजमंदिरात टेबलावर असते, कोणी पण उघडून बघा. ती वही लिहायचं काम पिशवीवाल्या वहिनींच्याकडं आहे, त्यांच्याएवढं पावत्यांचं कळणारं आमच्यात दुसरं कोण नाही.

३१ ऑगस्टला विमुक्त दिन आहे, त्या दिवशी संध्याकाळी सहाला समाजमंदिरात सगळे जमणार आहोत. भाषणं दोनच, ती पण आखूड, मग अर्ज कसा भरायचा ते वकील पोरगी करून दाखवणार. ज्यांना रात्र द्यायची आहे त्यांनी तिथंच नाव आणि वार लिहायचा. सतरंजी आता एकच मोठी घेतली आहे, पण चहाचे कप कमी पडतात, घरनं आपला आणला तर बरं होईल. आणि कुणाकडं जुना पण बॅटरी टिकणारा मोबाईल पडून असला तर चार्जरसकट घेऊन या, आहे त्याची पहाटे चारला बॅटरी उतरते.