जहाज टिकतं ते दरवर्षीच्या पैशावर: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं सुतारकाम करून मी निवृत्त झालो. सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायला नौदलानं ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका राज्याला दिली, हे वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. धास्ती ‘विक्रांत’मुळे.

ती आपली जुनी विमानवाहू युद्धनौका १९९७ साली निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळू लागली. मी मुलीला घेऊन गेलो होतो. सी हॉक विमानापाशी तिचे पाय खिळले. मी आपला सवयीनं कठड्याच्या खालच्या बाजूला अंगठ्यानं खरवडून पाहिलं, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून जहाज बंद झालं, २०१४ मध्ये साठ कोटींना लिलावात गेलं आणि मुंबईत जुनी जहाजं मोडतात त्या दारूखाना भागात तोडलं गेलं. ‘विक्रांत वाचवा’ची हाक मोठी झाली तोवर पत्रे सडले होते. रंगाला आणि पत्र्याला पैसे लागत होते तेव्हा कोणी आमच्यापुढे झोळी पसरली नव्हती.

आता दुसरं जहाज सांगतो. ‘ट्रिंकोमाली’. १८१७ साली आमच्याच मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात बांधलेलं. ते जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मुलगी तिकडे असते, म्हणून मला बघायला मिळालं. खालच्या डेकवर कमरेत वाकून चालावं लागतं. एका तुळईवर तळहात ठेवला. दोनशे वर्षांचं सागवान, आणि गोदीत आम्ही रंधा मारायचो त्याच जातीचं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पण तुम्हाला सांगायचंय ते हिशोबाचं. १८९७ साली हे जहाजही मोडीतच जायचं. व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थानं स्वतःच्या पैशानं ते घेतलं आणि पोरांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला वापरलं. पुढे हार्टलपूलमध्ये ‘वॉरियर’ नावाची युद्धनौका दुरुस्त झाली. तो खर्च मुख्यतः सर जॉन स्मिथ या दात्याच्या ट्रस्टनं उचलला. ते काम आटोपलं, कसबी हात मोकळे झाले, तेव्हा १९८७ मध्ये ट्रिंकोमाली तिथे आणली. १९९० ते २००१ दुरुस्ती चालली, एक कोटी पौंडांच्या वर खर्च आला. तो लॉटरीच्या वारसा निधीतून, ट्रस्टमधून, देणगीदारांकडून गोळा झाला. म्हणजे एका दात्यानं जहाज वाचवलं आणि दुसऱ्याच्या पैशावर घडलेले हात नव्वद वर्षांनी त्याच जहाजाला लाभले.

आपल्याकडे देणारे नाहीत असं कृपा करून म्हणू नका. मुंबईचं मोठं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं त्यात नागरिकांच्या देणग्या होत्या. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे, त्याला दिलेल्या पैशावर करसवलत मिळते. कंपन्यांच्या सामाजिक खर्चातही वारसा जपणं बसतं. अडतं ते घेणाऱ्याच्या बाजूला. माझंच सांगतो. वडील होड्या बांधायचे. त्यांची हत्यारं, म्हणजे लाकूड तासायचा वाकस, किंकरं आणि सांध्यात कापूस ठोकायची बोथट पटाशी घेऊन मी एका संग्रहालयात गेलो. नाव घेत नाही. टेबलावरच्या बाईंनी पुडी उघडून पाहिली, बंद केली आणि म्हणाल्या, “काका, हे कुठे नोंदवायचं तेच मला माहीत नाही.” त्यांचा काय दोष?

गुलदार बुडवण्यासाठी केंद्राचा पैसा आहे. पण बुडवलं की देखभाल संपली असं होत नाही. अडकलेली जाळी काढायला पाणबुडे लागतील, जागा दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या साखळ्या झिजल्या की बदलाव्या लागतील, आणि त्या वर्षी उद्घाटनाची फीत नसेल. म्हणून या संग्रहालयासाठी आत्ताच वेगळा ट्रस्ट करा. खातं निराळं ठेवा, देणगीतला मोठा हिस्सा मोडता न येणारी ठेव म्हणून ठेवा आणि व्याजावर देखभाल करा. मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमार सोसायट्यांची माणसं विश्वस्तांत घ्या. तिथला तळ त्यांच्याइतका कोण ओळखतो? शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती द्या आणि दरवर्षीचा खर्च जेटीवर फळा लावून लिहा. लोक आधी फळा वाचतील, मग खिशात हात घालतील. मालवणी माणूस तर नक्कीच.

किनाऱ्यावर वस्तू मांडायला एखादी खोली काढलीत, तर नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. वडिलांचा वाकस तेल लावून कपाटावर ठेवलेला आहे. पावतीपुस्तक छापून आलं की कळवा, मी एसटीनं घेऊन येतो.

आपला,
गोदीतला एक निवृत्त सुतार, माझगाव