सिकलसेलच्या मुलांची उंचीही मोजा

महोदय,

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. आमच्या गडचिरोलीतही शिबिरे झाली, कार्डे मिळाली; काम मोठेच आहे. पण कार्डावर ‘एसएस’ (म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेले, प्रत्यक्ष आजार असलेले मूल) लिहून आल्यावर त्या मुलाच्या वाढीकडे कोण बघतो? सातवीतला मुलगा पाचवीतला वाटतो, मुली उशिरा वयात येतात, आणि ‘नीट जेवत नाही’ म्हणून बोलणी त्यांनाच बसतात.

या मुलांच्या तांबड्या पेशी सतत फुटत असतात. नव्या घडवण्यात शरीराची बरीच ताकद जाते. त्यातच झिंक, म्हणजे वाढीला लागणारे जस्त, लघवीवाटे वाहून जाते. झिंक घटले की उंची खुंटते, आजारपणे वाढतात. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६०च्या दशकात इराणमधल्या खुरटलेल्या तरुणांमध्ये झिंकची उणीव ओळखली, पुढे अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांमध्येही ती दाखवली. २००२ साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात या आजाराच्या मुलांना वर्षभर रोज १० मिलिग्रॅम झिंक दिले, तेव्हा त्यांची उंची झिंक न दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढली.

आपल्याकडे मात्र रक्त कमी म्हटले की लोहाची गोळी. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या यकृतात, हृदयात लोह साचते. म्हणून फेरिटिन (रक्तातून लोहाचा साठा सांगणारी चाचणी) तपासल्याशिवाय ती गोळी देऊ नये. कमतरता खरोखर निघाली तर जरूर द्यावी.

जुलाबाच्या मुलांसाठी झिंकच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतातच. सिकलसेलच्या मुलाला किती द्यायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवावे, कारण झिंक अती झाले तर तांबे कमी पडते. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध आणि फॉलिक ॲसिड चालू हवेच.

ताटाचेही तसेच. नुसत्या भात-वरणातून झिंक पुरेसे मिळत नाही. धान्य-डाळींतला फायटेट नावाचा घटक ते अडवून धरतो. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवले तर बरेच सुटते. अंडी, मासे, मटण यांतले झिंक अंगी लागते. अशा वेळी जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या अंड्यांचा निधी राज्याने थांबवला, हे मला फार लागले. निदान सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांत तरी तो परत द्यावा.

आणि प्रत्येक एसएस मुलाच्या कार्डासोबत वाढीचा तक्ता जोडून दर तीन महिन्यांनी उंची-वजन नोंदवावे, रेष सपाट झाली की मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

— एक शिक्षिका, गडचिरोली