माहीत असलेला दोष ‘अप्लाय’च्या आधी सांगा : पार्टिशन सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीतील ज्ञात दोषांची सूचना काम सुरू होण्याआधी न मिळण्याबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळतो. आमचा मुख्य सर्व्हर विंडोज सर्व्हर २०२२ वर चालतो. रोज संध्याकाळी पिग्मी एजंट आपली मशिनं घेऊन येतात, दिवसभराची वसुली त्यातून सर्व्हरवर चढते आणि मग दिवसअखेर होते. हा सर्व्हर सकाळी सुरू झाला नाही, तर काउंटरवर पैसे घ्यायला येणाऱ्या माणसाला परत पाठवावं लागतं. एवढं सांगून मुद्द्यावर येतो.

सी ड्राइव्ह भरत आला होता. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असल्याने डिस्क वाढवून घेणं सोपं होतं, तशी ती वाढवलीही. पण मोकळी जागा डिस्कच्या शेवटी जाऊन बसली आणि सी ड्राइव्ह व ती जागा यांच्या मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज सुरू होईनासं झालं तर लागणारी दुरुस्तीची साधनं ठेवलेला भाग) आडवं आलं. विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह लगतच्या मोकळ्या जागेतच वाढवतं, मध्ये काही असेल तर ‘एक्स्टेंड’चा पर्याय पुसट दिसतो. अशा वेळी बरेच जण रिकव्हरी पार्टिशन सरळ उडवून टाकतात. आम्हाला ते करायचं नव्हतं. सर्व्हर बूट झाला नाही तर आमच्याकडे अभियंता पुण्याहून येतो. तो येईपर्यंत हाताशी जे साधन असतं, ते हेच. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरची सर्व्हर आवृत्ती विकत घेतली. घरगुती आवृत्ती सर्व्हरवर चढतच नाही आणि सर्व्हर आवृत्तीची किंमत तिच्या कितीतरी पट आहे. आपल्या जाहिरातीत रिकव्हरी पार्टिशन ‘सुरक्षितपणे हलवता येते’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

कार्यालय बंद असताना, रविवारी काम काढलं. आधी पूर्ण बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून चालतो का तेही पाहिलं. मग आपल्या सॉफ्टवेअरमध्ये रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या शेवटी हलवणं आणि सी ड्राइव्ह वाढवणं ही कामं रांगेत लावून ‘अप्लाय’ दाबलं. रीस्टार्ट मागितलं, दिलं. काम झाल्यावर ‘सर्व क्रिया यशस्वी’ असा हिरवा संदेश आला.

तो संदेश खोटा होता. ‘धिस पीसी’मध्ये एक नवंच ड्राइव्ह अक्षर उगवलं होतं, ते रिकव्हरी पार्टिशनचं. रीएजंटसी ही विंडोजची आज्ञा चालवून पाहिली तर विंडोज आरईची, म्हणजे त्या पार्टिशनमधल्या दुरुस्ती-व्यवस्थेची, स्थिती ‘डिसेबल्ड’. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी सॉफ्टवेअर घेतलं, तीच बंद पडली होती. मी त्याच दिवशी तपासलं म्हणून कळलं. न तपासता सोडलं असतं, तर सर्व्हर बूट होत नाही अशा दिवशीच ते उघड झालं असतं.

कारण आपल्या तंत्रज्ञांना सांगायला नको, पण हे पत्र वरिष्ठांपर्यंत जावं म्हणून लिहितो. जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची आजची पद्धत) वापरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनच्या नोंदीत त्याचा प्रकार सांगणारा एक ओळखक्रमांक असतो. रिकव्हरी पार्टिशनचा वेगळा, साध्या डेटा पार्टिशनचा वेगळा. त्याच्याबरोबर काही गुणधर्म असतात, त्यांच्यामुळे त्या पार्टिशनला ड्राइव्ह अक्षर मिळत नाही आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ते चुकून उडवता येत नाही. आपल्या सॉफ्टवेअरने पार्टिशन हलवताना नवी नोंद साध्या डेटा पार्टिशनची केली आणि ते गुणधर्म गाळले. शिवाय विंडोज आरई कुठे आहे याची नोंद विंडोज सी ड्राइव्हवरच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतं. त्यात पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं तेही असतं. ती नोंद जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहिली.

यावरचा उपाय मला आपल्याच फोल्डरमध्ये सापडला. सॉफ्टवेअर जिथे बसतं तिथे एक इंग्रजी दस्तऐवज आहे, त्यात ‘ज्ञात समस्या’ असं प्रकरण आहे आणि त्यात आमची समस्या जशीच्या तशी लिहिलेली आहे, विंडोज सर्व्हर २०२२ च्या नावासह. पार्टिशन हलवण्याआधी रीएजंटसीने विंडोज आरई बंद करावं, म्हणजे तिची प्रतिमा-फाइल सी ड्राइव्हवर सिस्टिम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. मग पार्टिशन हलवावं, डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनात त्याचा प्रकार आणि गुणधर्म पुन्हा लावावेत आणि शेवटी विंडोज आरई सुरू करावं. तो उपाय अचूक आहे. आमच्या बाबतीत पार्टिशन आधीच हललेलं होतं, तरी बॅकअपमधून ती फाइल परत घेऊन पुढच्या पायऱ्या केल्यावर सगळं जागेवर आलं.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. दोष कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असतो. पण हा दोष आपल्याला माहीत होता, उपायही माहीत होता, कोणत्या विंडोजवर तो येतो हेही माहीत होतं. मी कोणतं पार्टिशन हलवतो आहे हे आपल्या सॉफ्टवेअरला पडद्यावर दिसत होतं, त्याने स्वतःच त्यावर ‘रिकव्हरी’ असं लिहिलं होतं. तरीही ‘अप्लाय’ दाबताना एक ओळ दाखवली नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना डब्याच्या बाहेर छापतात, आत बुडवून ठेवत नाहीत.

हे अशक्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज आरईचं अपडेट रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नसलेल्या संगणकांवर अडकू लागलं. सर्व्हर २०२२ साठी ते केबी ५०३४४३९ या क्रमांकाचं होतं. पडद्यावर येणारा त्रुटीसंदेश दिशाभूल करणारा होता, लोकांना त्रासही झाला. पण कंपनीने दोष जाहीरपणे मान्य केला, २५० एमबी मोकळी जागा लागते हे सांगितलं आणि पार्टिशन हाताने कसं वाढवायचं याच्या पायऱ्या सगळ्यांना वाचता येतील अशा लिहिल्या. ते पान वाचायला आधी पैसे भरावे लागले नाहीत. आपली ज्ञात समस्यांची यादी मात्र लायसन्स घेऊन सॉफ्टवेअर बसवल्यावरच दिसते.

त्याच यादीत दुसरी एक नोंद आहे, तिचाही फटका आम्हाला बसला. केवायसीची स्कॅन केलेली कागदपत्रं वेगळी ठेवण्यासाठी डी ड्राइव्ह लहान करून नवं पार्टिशन काढलं. लहान करताना सॉफ्टवेअरने शेवटाकडच्या फायली सुरुवातीकडे सरकवल्या. विंडोजला ते नवं लिखाण वाटलं. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज जपून ठेवतं त्या फायलींच्या आधीच्या स्थिती, यांच्यासाठीच्या राखीव जागेत जुने ब्लॉक जाऊ लागले, ती जागा भरली आणि शॅडो कॉपी पुसल्या गेल्या. आमचे लिपिक चुकून बदललेली एक्सेल शीट ‘मागील आवृत्ती’तून परत आणतात. ती सोय मागच्या तारखांसाठी संपली. फायली शाबूत आहेत, आणि नव्या शॅडो कॉपी आता पुन्हा साठत आहेत.

आपल्या मदत विभागाबद्दलही लिहिणं भाग आहे. डी ड्राइव्हचं काम रीस्टार्टनंतर सुरू असताना प्रगतिपट्टी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली. चॅटवरच्या प्रतिनिधीने मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. ईमेलवरच्या प्रतिनिधीने लिहिलं, की कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. फायली सरकत असताना वीज तोडली तर काय होतं हे मला माहीत आहे, म्हणून मी थांबलो आणि काम पहाटे पूर्ण झालं. पहिला सल्ला ऐकणारा एखादा ग्राहक आपला डेटा गमावून बसेल. या एका बाबतीत तरी सगळ्या प्रतिनिधींना लेखी सूचना तातडीने द्यावी.

आमच्या मागण्या अशा. रिकव्हरी पार्टिशन हलवताना किंवा शॅडो कॉपी असलेला ड्राइव्ह लहान करताना सॉफ्टवेअरने स्वतः तपासून इशारा द्यावा आणि आवश्यक पायऱ्या आधी कराव्यात. तोपर्यंत ज्ञात समस्यांची यादी, आवृत्ती आणि तारखेसह, खरेदीच्या पानावर ठेवावी. प्रकार बदललेलं पार्टिशन ‘यशस्वी’ म्हणून दाखवणं थांबवावं. आणि दुरुस्त आवृत्ती येईपर्यंतच्या काळाएवढी आमच्या लायसन्सची मुदत वाढवून द्यावी, किंवा रक्कम परत करावी.

सॉफ्टवेअरच्या नोंदीच्या फायली, पडद्यांची छायाचित्रं आणि दोन्ही प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. आपल्या तंत्रज्ञांना याच स्थितीतला सर्व्हर पाहायचा असेल तर बॅकअपवरून तो चाचणी-मशीनवर उभा करून द्यायची आमची तयारी आहे. दोष कोणत्या आवृत्तीत जाणार, हे लेखी कळवावं ही विनंती.

आपला,
संगणक विभाग प्रमुख,
नागरी सहकारी पतसंस्था, जि. सातारा