रेकॉर्डिंगला 'नको' कसं सांगायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी आई ७८ वर्षांची आहे, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालते. परवा दुपारी तिचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला, रिंग वाजली तशी ती कॉटवरून उठली, वॉकर टेकवत टेकवत गेली आणि फोन उचलून म्हणाली, "हां बोला, कोण?" पलीकडे लोनचं रेकॉर्डिंग. आई म्हणतेय "अहो थांबा, मुलीला देते", आणि तो आवाज आपला बोलतोच आहे. मला फार वाईट वाटलं.

माणसाचा फोन असेल तर त्याला नको म्हणता येतं, म्हातारं माणूस आहे हे त्याला आवाजावरून कळतं. मशीनला काय कळणार? लाइट जाणार आहे, वादळ येतंय असं सांगणारं रेकॉर्डिंग आलं तर माझी काहीच तक्रार नाही, ते आमच्या कामाचं असतं. पण न विचारता माल विकायला मशीन लावणं मला अजिबात मान्य नाही.

१९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद, केलंय. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांत तर रेकॉर्डेड कॉल वेगळे बंद करायचीही सोय आहे, जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवेत, तरी आमच्याकडे येतात ते साध्या दहा आकडी नंबरवरून, आणि एक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. २०२५ पासून तक्रारीला ३ ऐवजी ७ दिवस मिळतात, चांगलं झालं, पण नंबर, तारीख, काय बोलले हे सगळं आईने लिहून ठेवायचं का? आणि निवडणुकीत उमेदवारांचे आवाज येतात त्याचं काय, डीएनडीच्या यादीत बँक आहे, रिअल इस्टेट आहे, शिक्षण आहे, प्रचार नाहीच.

माझं म्हणणं एवढंच की आधी परवानगी घ्या, आणि कॉल लागल्या लागल्या कोण बोलतंय ते सांगून एक बटण दाबलं की कायमचं बंद, अशी सक्ती करा, प्रचारालासुद्धा.

आता आईने अनोळखी नंबर उचलायचंच सोडलंय. मागच्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडमनी वेळ बदलली म्हणून दुसऱ्या नंबरवरून तीनदा फोन केला, तिने घेतला नाही, आणि आम्ही रिक्षा करून तिथे पोचलो तर दवाखान्याला कुलूप.

आपली,
एक वाचक, मिरज