फोटो छापता ते ठीक, पण त्यानंतर त्या पोरांचं काय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर अधूनमधून एक फोटो येतो, शेतकऱ्याचा पोरगा नाहीतर पोरगी पायलट झाली, गळ्यात हार, बाजूला मायबाप, मागं सरपंच आणि अर्धं गाव. वाचून छाती फुलते, खोटं काहून सांगू. मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास असाच फोटो माझ्या भाच्याचा आला होता. त्याला आता चौदा महिने झाले, पोरगा घरीच आहे, नोकरीचे फॉर्म भरून रायला, आणि या चौदा महिन्यात त्यानं विमानाला हात लावला तो फक्त दोनदा. सराव सुटला की ढगात-धुक्यात फक्त डायल पाहून उडवणं हातातून जाते, ह्याच्याबद्दल लिहायचं होतं. मोबाईलवर टाइप करतोय, काना-मात्रा सांभाळून घ्या.

आधी सांगून टाकतो की मी पायलट नाही. हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, म्हणजे पायलटच्या समोर जे डायल असतात ते खोलायचे, तपासायचे, परत बसवायचे. आता गोंदिया तालुक्यात बिरसीच्या धावपट्टीकडच्या भागात धानाची शेती करतो. ती पट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळेस बांधली, आता तिथून शिकाऊ विमानं उडतात, रोवणीच्या दिवसात बांधीत वाकलेल्या बाया वर न पाहताच सांगतात की आज पोट्टे शिकाले निघाले.

गावात मला नेहमी विचारतात, ढगात विमान घुसलं तं काय होते, पांढरं दिसन, अजून काय. एका रविवारी मी चौकातल्या सलूनात हे करून दाखवलं. भाच्याच्या दोस्ताला फिरत्या खुर्चीत बसवलं, गमछानं डोळे बांधले आणि म्हटलं खुर्ची ज्या बाजूला फिरते त्या बाजूला अंगठा दाखव. पहिले बरोबर दाखवला. मी एकसारखी फिरवत राहिलो, पंधरा-वीस सेकंदानं त्याचा अंगठा सरळ झाला, म्हणे "थांबली". खुर्ची फिरतच होती. मग मी धरून खरंच थांबवली तं ओरडला, "उलटी फिरून रायली ना मामा!" सगळे हसले, तोही गमछा काढून हसला, दोन मिनिटांनी बाहेर जाऊन नालीत ओकला ते वेगळं.

झालं काय, तर आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असते. डोकं फिरलं की ते पाणी मागं राहते आणि त्यावरून मेंदूला कळते की आपण फिरतोय. पण एकाच वेगानं फिरत राहिलं की थोड्या वेळानं पाणीही सोबत फिरू लागते, मग कान म्हणते सगळं शांत आहे. जमिनीवर डोळे उघडे असतात म्हणून कानाची चूक चालून जाते. ढगात क्षितिज नाही, खाली गाव नाही, तलाव नाही, तिथं कान एकटाच बोलतो आणि खोटं बोलतो. विमान हळूहळू एका बाजूला झुकलं तर पायलटला ते सरळच वाटते. त्यानं डायल पाहून सरळ केलं की अंग म्हणते आता तू उलट्या बाजूला झुकलास, माणूस सीटवर चक्क तिरपा होऊन बसतो. आणि कानाचं ऐकून परत झुकवलं तर नाक खाली, वेग वाढला, घाबरून दांडा मागं ओढला, त्यानं गिरकी अजूनच आवळली. इंग्रजीत ह्या गिरकीच्या नावातच कब्रस्तान आहे.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याची चाचणी झाली होती. इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून उडवलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाही, आपल्याकडं तेवढ्यात चहाला उकळी येत नाही. पण लोक एवढाच आकडा सांगतात आणि पुढचं सोडून देतात. त्याच लोकांना मग ढगातून वळून परत बाहेर यायची एक साधी पद्धत शिकवली, सराव करून घेतला, तेव्हा ते जवळपास प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर आले. माणसं तीच अन् कान तेच होते.

आता कोणी म्हणेल हे नवशिक्याचं झालं, आमच्या पोराकडं तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, म्हणजे बाहेर न पाहता नुसत्या डायलवर उडवायचा परवाना. कोबी ब्रायंट, तो बास्केटबॉलवाला, २६ जानेवारी २०२० ला ज्या हेलिकॉप्टरमध्ये गेला त्याच्या पायलटकडं इन्स्ट्रुमेंटचं रेटिंग होतं. ढगात शिरल्यावर तो रेडिओवर सांगत होता मी ४००० फुटावर चढतोय, आणि त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडं वळत खाली चाललं होतं. तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला चढतोय असंच वाटत होतं. नऊ माणसं गेली. आपल्या इथं ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल रावत साहेबांचं हेलिकॉप्टर पडलं, त्याच्या चौकशीतही हेच आलं, दरीत हवामान अचानक बदललं, ढगात शिरलं आणि पायलटला दिशेचं भान राहिलं नाही. ते काय कच्चे पायलट नव्हते.

मग काय, डायलवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा? इथं माझ्यातला फिटर बोलतो, की नाही. डायलवर भरवसा ठेवायचा पण एका डायलवर नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' नावाचं जंबो विमान मुंबईहून दुबईला निघालं, उड्डाणानंतर दोन मिनिटाच्या आतच वांद्र्याजवळ समुद्रात पडलं, २१३ माणसं. रात्रीची वेळ, समोर काळा समुद्र, क्षितिज काही नाही, आणि कॅप्टनसमोरचा होरायझन, म्हणजे विमान किती झुकलं ते दाखवणारं यंत्र, बिघडलेलं. तो उजवीकडं झुकल्याचं दाखवत होता, कॅप्टननं डावीकडं वळवत नेलं, नेतच राहिला. जंबोमध्ये असे तीन होरायझन असतात. तिघांचा ताळा पाहायला वेळ लागतो दोन सेकंद, पण ते दोन सेकंद पाहायची हाताला, डोळ्याला सवय पाहिजे. आम्ही वर्कशॉपमध्ये म्हणायचो, एक घड्याळ खोटं बोललं तर बाकीचे त्याची चुगली करतात, फक्त ऐकणारा पाहिजे. जुन्या छोट्या विमानात मुद्दाम तशीच सोय असते, होरायझन व्हॅक्यूम पंपावर चालते आणि वळण दाखवणारं यंत्र बिजलीवर, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील.

वेगाचा काटा तर अजून बिलंदर. बाहेर पिटोट म्हणून एक नळी असते, समोरची हवा तिच्यात घुसते त्यावरून वेग कळते. आपल्याकडं कुंभारीण माशी दाराच्या कडीत, स्विचबोर्डात, कुठंही मातीचं घर करते ना, तिला ही नळी म्हणजे तयार फ्लॅटच. नळी पूर्ण बुजली की विमान जसं वर चढेल तसा काटा वेग वाढल्याचं दाखवते. पायलट म्हणतो लय वेग झाला, नाक अजून वर करतो, खरा वेग कमी होत जाते आणि विमान पडते. १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बिर्गेनएअर कंपनीचं बोईंग ७५७ विमान असंच गेलं, १८९ माणसं, संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता कारण विमान बरेच दिवस नळीला टोपी न घालता उभं होतं. म्हणून मी भाच्याला सांगत असतो, कोणी कितीही घाई करो, ती नळी तू स्वतः वाकून पाहायची, मेकॅनिकनं पाहिली असंल असं म्हणायचं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. हे सगळं पोराला येते. परीक्षेत लिहून आलाय तो. कमर्शियल लायसन्सला २०० तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ४० तास, त्यातले २० सिम्युलेटरचे, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटचे, चालतात, सगळं झालंय. उरलेलं बहुतेक डोक्यावर हूड घालून, म्हणजे बाहेर लख्ख उन्ह आणि पोराला फक्त डायल दिसतात असं. ते चांगलंच आहे पण हूडच्या कडेनं उजेड येते, सावली सरकताना दिसते, बाजूला मास्तर बसलेला असते. अन् हेही एकदा शिकलं की कायमचं राहत नाही, सायकल नाही ती. अमेरिकेत नियम आहे की मागच्या ६ महिन्यात ६ अप्रोच (डायल पाहून पट्टीकडं उतरत येणं), होल्डिंग (ठरलेल्या जागी आकाशात घिरट्या घालणं) आणि रेडिओमार्ग पकडून त्यावर राहणं एवढं केलं नसेल तर इन्स्ट्रुमेंटवर प्रवासी न्यायचे सोडा, एकट्यानंही जायचं नाही, आणि अजून ६ महिने गेले तर परत तपासणी द्यावी लागते. आपल्याकडं वर्षाची तपासणी आहे. माझ्या मते वर्षाची तपासणी म्हणजे वर्षातून एकदा अभ्यास, बारावीच्या पोरांसारखा.

दिवाळीनंतर मी भाच्याला घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं, जुना जॉयस्टिक आणला होता, आणि म्हटलं चल उत्तरेकडं सरळ, ३००० फुटावर. तो आरामात चालवत होता. मग मी बहिणीच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि स्क्रीनवर होरायझनच्या जागी चिकटवलं. पोट्ट्यानं उंची धरून ठेवली, पन्नास फूटही हलू दिली नाही, खूश झाला. मी म्हटलं दिशा पाह्य. काटा उत्तर सोडून पार ईशान्येच्याही पुढं गेला होता. डोळा एका डायलवर चिकटला की असंच होते. गप्प बसला बिचारा. लायसन्स मिळालं त्या आठवड्यात हाच पोरगा हे झोपेत करत होता. मग रोज संध्याकाळी अर्धा तास सुरू केलं, तोंडानं मोठ्यानं म्हणत, होरायझन, उंची, होरायझन, दिशा, होरायझन, वेग. आठ दिवस शेजारच्या बाईला वाटलं पोरगा शनीचा जप करून रायला. फरक पडला, पण घरची खुर्ची हलत नाही त्यामुळं कान फसत नाही, फक्त डोळ्याला वळण लागते. अर्धंच काम ते.

बाकीचं अर्धं पैशाचं आहे. विमानाचा एक तास म्हणजे आमच्याकडं एका हंगामाचं खत-बियाणं. बहिणीनं पावणेदोन एकर विकून हे शिक्षण केलं, आता सरावासाठी काय विकणार? आणि हा एकटा नाही, पूर्व विदर्भातली असे घरी बसलेली पाच-सहा पोरं तर मलाच माहीत आहेत. त्यात पोरगी आहे एक, तिचे वडील म्हणतात परीक्षा पास झाली ना, आता कशाले खर्च.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गोंदिया काय, नागपूर काय, एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमान सुरू झालेलं अमरावतीचं बेलोरा काय, आपल्या भागात जिथं जिथं सिम्युलेटर आहे किंवा येईल तिथं संध्याकाळचे रिकामे तास ह्या थांबलेल्या पोरांना कमी दरात द्यावे. मशीन रात्री बंदच असते. महिन्याला दोन तास मिळाले तरी लय झालं, पण ते दोन तास सरळ उडवण्यात घालवू नका, यंत्र बंद पाडा, धुक्यात अप्रोच द्या, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं, करायला लावा. आयएलएस म्हणजे रेडिओनं पट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा, तिच्या साध्या कॅट-१ अप्रोचला २०० फुटावर पट्टी दिसली नाही की परत वर जायचं असते आणि पोरांना त्याचीच लाज वाटते, दारातून वरात परत नेल्यासारखं. जास्त दिवस हात सुटलेला असेल तर २०० नाही, स्वतःसाठी ५००-६०० फूट ठरवून घ्यावं, कोणी विचारत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलावावरून सकाळी जे धुकं उठते ते पाहून हे सांगतोय, नऊ वाजेपर्यंत बांधावरचा बैल दिसत नाही.

आणि साहेब, पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा तुमच्या बातमीदाराला सांगा की पोराला एक प्रश्न विचार, तू शेवटचं इन्स्ट्रुमेंटवर कधी उडवलं. उत्तरही छापा.

आपला वाचक,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट फिटर, ता. जि. गोंदिया

ता.क. सलूनचा प्रयोग कोणाला करायचा असेल तर जेवणाच्या आधी करा आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूला माणूस उभा ठेवा. आमच्या सलूनवाल्यानं आता मला खुर्ची देणं बंद केलंय.